वाऱ्याच्या बाजूने चालणारा

तो पायांचे केस काढतो, ही बातमी तो कामावर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या टाइम ऑफिसात पोचली. तो कोणत्या देशाचा, काय काम करणार, हे आठवड्याने कळलं. म्हणजे माहिती महत्त्वाच्या क्रमानेच आली.

तारापूरजवळ समुद्राकाठी वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं ते हे दिवस. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. हजेरीचे बिल्ले वाटणं, रजेचे अर्ज भरून घेणं आणि आलेलं टपाल ज्याचं त्याला देणं, एवढं माझं राष्ट्रीय योगदान. देश घडवण्याच्या कामात आपलाही वाटा आहे असं आम्हाला वरचेवर सांगण्यात येई, विशेषतः चहा बंद करायचा असला की.

तो इटालियन. पाइपांच्या जोडकामावरचा फोरमन. चाळिशीच्या आसपासचा, उंच, उन्हाने चामडं झालेला, आणि सबंध अंगाला न शोभणाऱ्या भल्या मोठ्या मांड्यांचा. इतर गोरे साहेब जाळीच्या खिडक्यांच्या वसाहतीत राहत. याने चिंचणीला एका निवृत्त मास्तरांच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शनिवारी संध्याकाळी तो विहिरीजवळ बादली घेऊन बसे आणि घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पाय वस्तऱ्याने साफ करी. मास्तरांच्या मंडळींनी पहिल्या शनिवारी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या शनिवारी उघडली.

आमच्याकडे यावर बरंच संशोधन झालं. साताऱ्याकडच्या एका फिटरचं म्हणणं, हा नवस आहे. उत्तरेकडच्या वेल्डरांनी ठरवलं की याचे वडील वारले असावेत आणि त्यांच्या मुलखात डोक्याऐवजी पायांचं मुंडण होत असावं. हेडक्लार्क ज्ञानी होते, ते म्हणाले, हा रोग आहे. खुद्द त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं की चर्चा संपते, आणि जेवणाची सुट्टी चांगली अर्ध्या तासाची होती.

शेवटी मी विचारलं. त्याची भाषा अर्धी वेल्डरांची हिंदी आणि अर्धी चिंचणीच्या बाजारात उचललेली मराठी होती. तो म्हणाला, "सायकलवरून पडला की जखम होते. केस नाय, तर धुवायला सोपा." हा खुलासा मी ऑफिसात सांगितला तेव्हा सगळ्यांचा विरस झाला. नवस, मुंडण आणि रोग यांच्यापुढे तो फारच छोटा पडला.

सायकल त्याच्या खोलीत झोपे. खाटेच्या वर दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे आणि तो तिच्याखाली. आमच्या सायकलींच्या मानाने ती अगदीच हाडकुळी होती. घंटा नाही, दिवा नाही, मडगार्ड नाही, मागे कॅरियर नाही. ज्या सायकलवर गोणपाट बांधता येत नाही तिचा उपयोग काय, हा प्रश्न बोईसरच्या सायकलवाल्याने जाहीरपणे विचारला होता आणि त्याचं उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही.

त्याच्या दोन सवयी मात्र मला समजायला फार वेळ लागला.

पहिली पाण्याची. उन्हाळ्यात पाइपांच्या कामावर लोखंडाला हात लावला की फोड येई. दिवसातून चार वेळा हा फोरमन स्वतः पाण्याच्या बाटल्या शर्टाच्या आत, पाठीशी, खिशात अशा अंगभर खोचून परांचीवर चढे आणि प्रत्येक वेल्डरला पाणी देई. सगळ्यांचं पिऊन झालं की उरलेलं स्वतः पिई. उरलं नाही तर नाही. वेल्डर त्याला साधू मानू लागले. इतर साहेब त्याला वेडा मानत. दोन्ही पक्षांचा पुरावा एकच होता.

दुसरी वाऱ्याची. त्याच्याबरोबर तारापूरच्या किनाऱ्याने चालत गेलं की तो नेहमी समुद्राच्या बाजूला येई. रस्ता वळला की तो मागून वळसा घालून पुन्हा वाऱ्याच्या बाजूला. मला वाटलं, याला समुद्र बघायला आवडतो. परत येतानाही तेच. समुद्र त्याने एकदाही पाहिला नाही. तो वारा अंगावर घेत होता, माझ्या वाटचा. मी म्हटलं, बाबा रे, मी कारकून आहे, वाऱ्याने माझं काही बिघडत नाही. तो म्हणाला, "कुणीतरी वारा खायला लागतो."

आणि तिसरं म्हणजे पत्र. याला सवय म्हणता येणार नाही. दर पंधरवड्याला तो बोईसरच्या पोस्टात आईला पत्र टाके आणि दर सोमवारी टपालाची थैली फुटली की माझ्या खिडकीशी येऊन विचारी, "मम्माचा?" मी मान हलवी. "बरा," असं म्हणून तो जाई. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी टपाल उघडण्याआधीच मान हलवायला शिकलो. ऑफिसातले लोक म्हणत, म्हातारी केव्हाच गेली असेल, याला कोणी सांगितलं नसेल. मी तेव्हा पंचविशीत होतो, पुष्कळ वाचलेलं होतं, आणि कोणाच्याही आईच्या गोष्टीने पाझर फुटू द्यायचा नाही असं माझं धोरण होतं.

तो धंदेवाईक सायकलपटू होता हे पालघरला कळलं, त्याला जबाबदार मीच. पालघरला भाऊसाहेब होते. त्यांची भाताची गिरणी होती आणि तिच्याखेरीज नऊ संस्थांची अध्यक्षपदं. प्रजासत्ताक दिनाला काहीतरी भव्य करायचं त्यांच्या मनात होतं. मी बोलता बोलता म्हणून गेलो की आमच्या कामावर एक इटालियन आहे, त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याने तिकडे सायकलच्या मोठमोठ्या शर्यतींत भाग घेतला आहे. भाऊसाहेबांनी 'भाग घेतला' एवढं ऐकलंच नाही. बोईसरहून पालघरमार्गे शिरगावच्या किल्ल्यापर्यंत भव्य सायकल शर्यत, प्रमुख पाहुणे जगज्जेते सायकलसम्राट, आणि मानपत्र मी लिहायचं, इतकं त्या बैठकीत ठरलं. चहा यायच्या आत.

मानपत्रासाठी माहिती हवी म्हणून मी त्याच्याकडे गेलो. तो चाकाच्या तारा एकेक करून छेडत बसला होता. किती शर्यती जिंकल्या, असं विचारलं.

"एक पन नाय," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. मला किती बहिणी आहेत असं विचारल्यावर मी सांगितलं असतं तसं.

मग हळूहळू, पुढल्या तीन-चार संध्याकाळी, त्याची कारकीर्द मला कळली. तिकडे शर्यत एकेकट्याची नसते. एका संघात दहाजण. त्यांत एक कप्तान, जिंकायचं त्याने. बाकीच्यांनी त्याच्यासाठी पाणी आणायचं. मागे गाडीपाशी जाऊन बाटल्या अंगभर खोचून पुन्हा जोर मारून त्याला गाठायचं. त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे तो मागे सुखात. त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. हा सहा वर्षं पाणक्या होता. त्याच्या खांद्यामागून कप्तानाने पुष्कळ जिंकलं. फोटोंत हा कुठेच नाही. एका फोटोत कडेला एक कोपर आहे, ते आपलं, असं तो म्हणाला.

आता पाणी कळलं आणि वाराही कळला. पत्राचं तेवढं राहिलं होतं. ते त्याने चौथ्या दिवशी सांगितलं.

त्यांच्याकडे एक रीत आहे. शर्यत एखाद्या गड्याच्या गावातून जाणार असली की बाकीचे सगळे वेग कमी करतात आणि त्याला पुढे सोडतात. त्याने पुढे जायचं, घरच्यांना भेटायचं, आईच्या हातचं काहीतरी तोंडात टाकायचं, आणि सगळे येईपर्यंत तिथेच थांबायचं. मग पुन्हा सगळे बरोबर. हे कुठे लिहिलेलं नाही. मोडलं तर शिक्षाही लिहिलेली नाही.

सहाव्या वर्षी शर्यत याच्या गावातून गेली. कप्तानाने मान डोलावली, याला सोडलं. वळण घेतलं तर दारात आई उभी, हातात पाव, शेजारीपाजारी जमलेले. मागे कोणी नव्हतं. शेवटची रेघ फार लांब नव्हती. आणि यालाही उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच पुढे मोकळा रस्ता दिसला होता.

"छे साल पानी दिया," तो मला म्हणाला. हे त्याने हिंदीतच सांगितलं. "एक दिन मेरेको प्यास लगा."

तो थांबला नाही. आईचा पाव धरलेला हात तसाच पुढे, आणि हा समोरून निघून गेला. रेघ दिसू लागली तेव्हा मागच्यांनी त्याला गाठलं. पाठलाग त्याच्याच कप्तानाने लावला होता. पुढल्या वर्षी कोणत्याच संघाने घेतलं नाही. घरी गेला तर आईने दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. गावासमोर तिचा हात रिकामा... म्हणजे भरलेलाच, राहिला होता. मग हा बंदरात वेल्डिंग शिकला, वाळवंटात पाइप जोडले, आणि फिरत फिरत आमच्या टपालाच्या खिडकीशी येऊन थांबला.

मी भाऊसाहेबांना एवढंच कळवलं की पाहुण्यांनी एकही शर्यत जिंकलेली नाही. भाऊसाहेब हसले. "मोठी माणसं असंच बोलतात. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. 'अजिंक्य', 'युरोपखंड दणाणून सोडणारे' आणि 'आजही प्रथम क्रमांकाने आपणा सर्वांस उपकृत करणारे' हे शब्दप्रयोग माझे आहेत. मला त्याबद्दल एक वेळचं जेवण मिळालं.

'आजही प्रथम क्रमांकाने' हे आधीच लिहिता आलं, कारण निकाल आधीच ठरला होता. पाहुण्याचा मान म्हणून त्यालाच पहिला येऊ द्यायचं, असं भाऊसाहेबांनी इतर चौदा स्पर्धकांना माझ्यामार्फत बजावलं. बक्षीस होतं नवी कोरी सायकल. पाहुण्याकडे एक आहेच, तेव्हा तो ती संस्थेला परत करील आणि पुढल्या वर्षीच्या शर्यतीला ती उपयोगी पडेल, इतपत दूरदृष्टी भाऊसाहेबांपाशी होती.

तेराजणांनी माना डोलावल्या. चौदावा शिरगावचा काशिनाथ. पानवेलीच्या वाडीतून पानांच्या करंड्या दिवसातून दोन खेपा पालघर स्टेशनला पोचवणारा. सायकल वाडीवाल्याची, वाडीवाल्याची मर्जी गेली की काशिनाथ पायी. तो म्हणाला, "मान त्याला द्या. सायकल आमाला."

मी त्याला परिस्थिती समजावली. त्याने मला त्याची सायकल दाखवली. पुढचा ब्रेक सुतळीने बांधलेला होता. मी आणखी समजावलं नाही.

शर्यतीच्या सकाळी बोईसरला सगळे रेघेवर उभे राहिले तेव्हा पाहुण्याने हात वर केला आणि मला पुढे बोलावलं. त्याला एक नियम सांगायचा होता. ज्याचं गाव येईल त्याला सगळ्यांनी पुढे सोडायचं. त्याने घरच्यांना भेटायचं, सगळे येईपर्यंत थांबायचं. मी भाषांतर केलं. कल्पना सगळ्यांना आवडली, कारण शिरगावचा एकटा काशिनाथच होता आणि रस्त्यातली बाकीची गावं कोणाची नव्हती. काशिनाथने विचारलं, आई दारात थांबलेली हाय हे याला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही.

मी भाऊसाहेबांच्या जीपमध्ये मागे बसलो होतो, पालघरच्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याच्या तिपाईखाली. पालघरपर्यंत काही घडलं नाही. पाहुणा सगळ्यांच्या पुढे, वारा खात. त्याच्या मागे चौदाजण, आज्ञेप्रमाणे. स्टेशनवरच्या वळणाला त्याने खिशातल्या दोन बाटल्या मागच्यांना दिल्या, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "बघा, किती लीन." पालघर सुटल्यावर आज्ञेची गरज उरली नाही, एकेकाचा दम आपोआप सुटत गेला. शिरगावची वाडी दिसू लागली तेव्हा पुढे दोघंच होते, तो आणि काशिनाथ.

पाहुणा मागे वळला, काशिनाथला ओळखून हसला आणि बाजूला झाला. जीप अगदी जवळ होती, मी ऐकलं.

"तुमचा गाव. तुमी पुढे. आईला भेटा."

काशिनाथ सुटला. पानांच्या करंड्यांनी घडवलेले पाय होते ते, आणि आज कॅरियर मोकळं. पाहुणा रमतगमत मागून निघाला. वळणानंतर उजव्या हाताला काशिनाथचं घर, ओटीच्या पायरीवर त्याची आई, हातात तबक, तबकात निरांजन, कुंकू, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. गावातली पाच-पंचवीस माणसं.

काशिनाथने वेग कमी केला नाही. "आये, मंग!" एवढं ओरडला आणि किल्ल्याच्या दिशेने गेला. म्हातारीचे तबक धरलेले हात तसेच पुढे राहिले. निरांजन विझलं.

पाहुणा हे मागून बघत होता. रेघ अर्ध्या मैलावर होती, काशिनाथ अजून नजरेच्या टप्प्यात होता, आणि त्या हाडकुळ्या सायकलने मनात आणलं असतं तर त्याला सहज गाठलं असतं. जीपमधून भाऊसाहेब ओरडत होते, "चला, साहेब, चला."

त्याने ब्रेक लावला. उतरला. सायकल कुंपणाला टेकवली आणि म्हातारीसमोर जाऊन मान खाली घातली.

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुळगुळीत पायांशी नजर जरा थांबली. मग ती म्हणाली, "कोन रं तू? आमचा तो गेला, त्याला दम नाय. तू ये. पन दिवा इझला, लावून आनते. थांब हां."

"थांबते," तो म्हणाला.

काडेपेटी लवकर सापडली नाही. म्हातारी आत गेली ती दोन-तीन मिनिटं बाहेर आली नाही. तेवढ्यात दम सुटलेले तेराजण एकामागून एक समोरून गेले. पाहुणा ओटीच्या कडेला बसून होता, हात गुडघ्यांवर, परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसलेल्या मुलासारखा. भाऊसाहेब जीपमधून उतरले, पुन्हा बसले. म्हातारी आली, तिने ओवाळलं, कुंकू लावलं, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला आणि तांब्या पुढे केला. त्याने सवयीने आजूबाजूला बघितलं, कोणाला द्यायचं म्हणून. म्हातारी म्हणाली, "तूच पी. सगळा पी."

तो सगळा प्यायला. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं, आणि त्या दिवसाचा तो एकच फोटो बरा आला.

तो पंधरावा आला. मांडवात हार एकच आणलेला होता आणि तो कोणासाठी हे पक्कं असल्यामुळे काशिनाथ घामेजलेला एका कोपऱ्यात नव्या सायकलचा दांडा धरून उभा राहिला. तो दांडा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, हे त्याचं शहाणपण. भाऊसाहेबांनी मानपत्र वाचलं, एकही शब्द न बदलता. 'आजही प्रथम क्रमांकाने' या ठिकाणी टाळ्या पडल्या. पाहुण्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं आणि तो इतका खूश दिसत होता, की मानपत्रातली बाकीची वाक्यंही खरी असावीत असं क्षणभर मलाच वाटलं.

काशिनाथला त्या दिवशी घरी कोरा चहा मिळाला. दूध पाहुण्याने संपवलं, असं आईने सांगितलं म्हणे. त्याने दूध घेतलेलं नव्हतं, मी साक्षीदार आहे.

फोटोची एक प्रत त्याने मागून घेतली आणि पुढच्या पत्रात घातली. त्यानंतरच्या सोमवारी तो खिडकीशी आला, मी मान हलवली, तो "बरा" म्हणाला. असे पाच-सहा सोमवार गेले. मग एका सोमवारी थैलीतून निळं पाकीट निघालं. पत्ता शाईने कोरून काढल्यासारखा, लिहायची सवय नसलेल्या हाताचा. मी मान हलवायला सुरुवात केली होती ती मधेच थांबवावी लागली.

त्याने पाकीट तिथे उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आला तो रजेचा अर्ज मागायला. मी छापील कागद पुढे ओढला, नाव घातलं, दिवस विचारले. दिवस त्याला सांगता येईनात. मग मी कारण विचारलं. आमच्याकडे कारणाचा रकाना रिकामा चालत नसे. सगळे 'घरी आजारपण' लिहीत. शंभरातल्या नव्वदांच्या घरी कायम आजारपण असे. मी तेच लिहायला टाक बुडवला.

"आजार नाय," तो म्हणाला आणि निळ्या पाकिटातला कागद माझ्यासमोर ठेवला. दोनच ओळी होत्या. त्याने बोट ठेवून एकेक शब्द मराठीत करून सांगितला.

"मम्मा लिवते. थांबला, बरा केला. पन घर चुकला."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. कारकुनाने अर्जाकडे बघायचं असतं. कारणाच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'घर चुकले होते, ते दुरुस्त करण्याकरिता.' साहेबांनी सही केली. अर्ज वाचून सही करायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि या पद्धतीमुळे कोणाचं भलं झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.